प्रौढ प्राण्यातील बालरूप पारखावे कसे: निओटेनीच्या दाव्याची तपासणी

कुत्रा म्हणजे कधीच मोठा न झालेला लांडगा, माणूस म्हणजे चिंपांझीचे थोराड बाळ, पांडा इतका गोंडस दिसतो म्हणजे त्यातही निओटेनी असणार, अशी विधाने निसर्गविषयक लेखांत, वर्गात आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींत सर्रास आढळतात. पूर्वजांमध्ये जी लक्षणे केवळ पिल्लांत किंवा डिंभांत (प्रौढापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या बाल्यरूपांत) असत, ती वंशजांमध्ये प्रौढपणीही टिकून राहणे, म्हणजे ढोबळ अर्थाने निओटेनी, ही उत्क्रांतीत खरोखर आणि अनेकदा घडलेली गोष्ट आहे. मात्र एखाद्या ठरावीक प्राण्याच्या बाबतीत ती घडली आहे असे म्हणण्यासाठी त्याचे गोलमटोल तोंड आणि टपोरे डोळे पुरेसे नाहीत. जीवशास्त्राचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक आणि निसर्गावर लिहिणारे लेखक यांना असा दावा स्वतः तपासता यावा, म्हणून काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी भिंग, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद एवढी साधने पुरतात.

प्राणी नव्हे, लक्षण निवडावे

पहिले काम वहीच्या पहिल्या ओळीत नेमके लक्षण लिहिण्याचे. ‘अमुक प्राणी निओटेनिक आहे’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘अमुक प्राण्याच्या प्रौढात बाह्य कल्ले टिकून राहतात’ हे तपासता येते. एकाच शरीरातील निरनिराळ्या अवयवांची वाढ निरनिराळ्या वेगाने होत असते आणि उत्क्रांतीत त्यांपैकी एखाद्याच अवयवाचा वेग बदललेला असू शकतो.

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को सरोवरातील ॲक्सोलॉटलचे आहे. हा सॅलॅमँडर वर्गातील उभयचर प्राणी साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतो, 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तरीही त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ल्यांचे तीन-तीन झुबके, पाठ-शेपटीवरील पर (पोहण्यासाठीचा पातळ पडदा) आणि पापण्या नसलेले डोळे ही डिंभाची लक्षणे आयुष्यभर राहतात. वरवर पाहता संपूर्ण प्राणीच डिंभ राहिला असे वाटते, पण तेही पूर्ण खरे नाही. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन डिंभाच्या प्रकाराकडून प्रौढाच्या प्रकाराकडे बदलते, म्हणजे बाहेरून न दिसणारे रूपांतरण (डिंभाचा प्रौढ रूपात होणारा बदल) आत काही प्रमाणात घडून गेलेले असते. त्याला फुफ्फुसेही असतात आणि जननग्रंथी तर पूर्ण पक्व होतात. इतक्या ठळक उदाहरणातही ‘कोणते लक्षण?’ हा प्रश्न टाळता येत नाही, मग कुत्र्याच्या किंवा माणसाच्या बाबतीत तो टाळणे मुळीच परवडणारे नाही. म्हणून वहीत दोन रकाने करावेत. एका रकान्यात डिंभासारखी किंवा पिल्लासारखी राहिलेली लक्षणे लिहावीत आणि दुसऱ्यात प्रौढासारखी झालेली. दुसरा रकाना रिकामाच राहिला, तर निरीक्षण अपुरे आहे असे खुशाल समजावे.

तुलना कोणाशी करायची ते ठरवावे

‘बालरूप टिकले’ या शब्दांत एक तुलना गृहीत असते: पूर्वजाच्या बाल्यावस्थेशी वंशजाच्या प्रौढावस्थेची. पूर्वज प्रत्यक्ष समोर नसल्यामुळे त्याची जागा जवळच्या नातलग जातींनी भरून काढावी लागते आणि त्यासाठी वंशवृक्ष पाहावा लागतो. ॲक्सोलॉटल हा उत्तर अमेरिकेतील टायगर सॅलॅमँडरच्या गोतावळ्यातील आहे आणि या गोतावळ्यातील पुष्कळ जाती कल्ले गाळून जमिनीवर येतात. सॅलॅमँडरच्या इतर अनेक कुळांतही रूपांतरण होते. त्यामुळे रूपांतरण ही जुनी रीत आणि ते न होणे हा नंतरचा बदल, असे निश्चितपणे म्हणता येते. वंशवृक्षावर नातलग जातीच बालसदृश निघाल्या, तर निष्कर्ष उलटतो: आपण जिला अपवाद समजत होतो ती मूळची रीत ठरते आणि नातलगांतील ‘प्रौढ’ रूप हीच नवी भर ठरते.

जीवाश्म मिळाले तर हे काम अधिक भक्कम होते. 2012 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांसाहारी डायनोसॉरची पिल्ले, त्यांचे प्रौढ, आर्किऑप्टेरिक्स हा जीवाश्मरूपातील आद्य पक्षी आणि आजचे पक्षी यांच्या कवट्यांची तुलना करण्यात आली. मोठे डोळे, फुगीर मेंदूपेटी आणि आखूड चेहरा ही डायनोसॉरच्या पिल्लांची ठेवण प्रौढ पक्ष्यांत आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासात चोचीचा भाग मात्र उलट दिशेने, म्हणजे जास्त वाढून, तयार झाल्याचे नोंदवले आहे. आपल्या अंगणातील चिमणीच्या कवटीत बालरूप आणि अतिवृद्धी शेजारी शेजारी नांदत आहेत.

तुलनेसाठी हाताशी सोयीची असलेली जात निवडणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक होय. चिंपांझी हा माणसाचा पूर्वज नसून चुलत नातलग आहे. दोघांच्या समाईक पूर्वजापासून चिंपांझीतही बदल झालेले आहेत. एखादे लक्षण चिंपांझीच्या बाळात आणि मोठ्या माणसात सारखे दिसले, तर बदल कोणत्या फांदीवर झाला हे ठरवण्यासाठी गोरिला, ओरांगउटान अशी तिसरी, दूरची जात पाहणे अनिवार्य आहे.

वाढीची मालिका मांडावी

एका पिल्लाचे आणि एका प्रौढाचे चित्र शेजारी ठेवून काहीही सिद्ध करता येते. त्याऐवजी दोन्ही जातींची जन्मापासून किंवा अंड्यातून बाहेर पडल्यापासून पूर्ण वाढीपर्यंतची मालिका हवी, आणि प्रत्येक नमुन्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायला हव्यात: वय, आकारमान (लहानमोठेपणा) आणि आकार (ठेवण). चौथी खूण प्रजननक्षम होण्याच्या क्षणाची. तिच्यावाचून पुढचा निवाडा करता येत नाही. मराठीत बोलताना आपण आकार आणि आकारमान यांची सरमिसळ करतो, पण येथे ती महागात पडते, कारण वय वाढताना आकारमान वाढते, आकारमान वाढताना आकार बदलतो आणि उत्क्रांतीत या तिन्हींची एकमेकांशी असलेली जोडणी सैल होऊ शकते. अवयवांच्या वाढीचे वेळापत्रक असे बदलण्याला हेटेरोक्रोनी म्हणतात. निओटेनी हा तिचा एक प्रकार आहे.

कवटीवर हा प्रयोग करायचा असेल तर बाजूने घेतलेली, मोजपट्टीसह असलेली छायाचित्रे गोळा करावीत. वरच्या जबड्याच्या टोकापासून डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे मुस्कटाची लांबी आणि तेथून कवटीच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे मागच्या भागाची लांबी. दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत, आडव्या अक्षावर मागचा भाग आणि उभ्या अक्षावर मुस्कट ठेवावे, आणि शक्य असल्यास दोन्ही अक्ष लॉगॅरिदमच्या मापात घ्यावेत, म्हणजे वाढीची रेषा बरीचशी सरळ येते. पाळीव जनावरांच्या कवट्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या संग्रहात पाहायला मिळू शकतात. वन्य प्राण्यांच्या बाबतीत संग्रहालयांनी खुली केलेली छायाचित्रेच वापरावीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे लांडग्यासारख्या संरक्षित प्राण्याची कवटी माळरानावर सापडली म्हणून घरी आणून ठेवता येत नाही.

आलेख तयार झाला की पूर्वजाच्या जागी घेतलेल्या जातीच्या ठिपक्यांतून रेषा काढावी आणि वंशजाचे प्रौढ ठिपके कोठे पडतात ते पाहावे. ते त्याच रेषेवर, पण लहान आकारमानाच्या टोकाला पडले, तर प्राणी केवळ लहान झाला आहे आणि लहानपणाबरोबर येणारी ठेवण त्याच्यासोबत आली आहे. आकारमान पूर्वजाएवढेच असून ठिपके रेषेच्या ज्या बाजूला पिल्लाची ठेवण दर्शवली जाते त्या बाजूला सरकले असतील, तर आकाराची वाढ खरोखर मंदावली आहे. आणि ठिपके पूर्वजाच्या वाढीत कोणत्याही वयाला न सापडणाऱ्या जागी पडले, तर ते नवे रूप आहे. त्याला पिल्लाचे रूप म्हणण्याचा मोह आवरावा. ही तिसरी शक्यता पुस्तकांत एखाद्या वाक्यात उरकली जाते, प्रत्यक्षात मात्र ती वारंवार समोर येते.

प्रकार ठरवावा

बालरूप टिकण्याच्या सर्व प्रकारांना मिळून पीडोमॉर्फोसिस असे नाव आहे आणि त्याकडे नेणाऱ्या वाटा तीन आहेत. शरीराच्या आकाराची वाढ मंदावते, पण प्रजननक्षम होण्याची वेळ आणि आकारमान साधारण पूर्वीइतकेच राहते, ती निओटेनी. प्रजननक्षमता लवकर येते आणि वाढ तिथेच थांबते, तो प्रोजेनेसिस. एखाद्या अवयवाची वाढ सुरूच उशिरा होते आणि म्हणून तो अपुरा राहतो, ही तिसरी वाट. सुरुवात, शेवट आणि वेग या तीन बाबींवर आधारलेली ही मांडणी 1979 मध्ये आल्बर्क, गूल्ड, ऑस्टर आणि वेक यांनी केली आणि तीच आजही सर्वांत उपयोगी पडते.

निओटेनी आणि प्रोजेनेसिस यांतला फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे आकारमान पाहणे. ॲक्सोलॉटल आपल्या रूपांतरित नातलगांच्या तुलनेत खुजा नाही, म्हणून तो निओटेनीचा नमुना. याउलट सुमात्रा बेटावरील पीट दलदलीच्या आम्लधर्मी पाण्यात राहणारा पीडोसायप्रिस हा मासा पाहावा. 2006 मध्ये वर्णन झालेल्या या माशाची अंडी धारण करणारी मादी अवघी 7.9 मिलिमीटर लांबीची मिळाली आहे, आणि प्रौढपणीही त्याच्या मेंदूवर कवटीचे छप्पर पुरते तयार होत नाही, कारण वाढ तेथवर पोचण्याआधीच तो प्रजननाला लागतो. दोन्ही प्राणी ‘पिल्लासारखे’ दिसतात, पण घडलेली गोष्ट एक नव्हे. लेखात दोन्हींना निओटेनी म्हणून मोकळे होणे सोयीचे असले तरी त्यात कारणांचा सगळा तपशील हरवतो.

शरीरातील यंत्रणा विचारावी

आकारावरून आलेला अंदाज संप्रेरकांच्या आणि आनुवंशिकतेच्या पुराव्याशी जुळवून पाहणे ही पुढची पायरी. ॲक्सोलॉटलचा इतिहास येथे मुद्दाम तपशिलात सांगण्यासारखा आहे. 1864 मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे सहा ॲक्सोलॉटल आले. पुढच्या वर्षी त्यांनी अंडी घातली, म्हणजे ते प्रौढ होते हे उघड झाले. मग त्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले आणि पर गळाले, कातडीचा रंग बदलला आणि ती चक्क जमिनीवरच्या सॅलॅमँडरसारखी झाली. आईबाप डिंभरूपात प्रजनन करणारे आणि काही लेकरे मात्र पूर्ण रूपांतरित, हे कोडे अनेक वर्षे युरोपीय जीवशास्त्रज्ञांना पुरले. 1880 च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या युलियस कोलमान यांनी निओटेनी ही संज्ञा रूढ केली. 1913 मध्ये लाउफबर्गर यांनी आणि 1920 मध्ये ज्युलियन हक्सले यांनी ॲक्सोलॉटलला थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून त्यांचे रूपांतरण घडवून आणले.

यातून निघणारा अर्थ असा की त्याच्या कातडीला, कल्ल्यांना, शेपटीला रूपांतरणाची भाषा अजून कळते. तो आदेश पुरेशा जोराने येत नाही इतकेच. थायरॉइडला चेतवणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक कमी पडते आणि त्यामुळे थायरॉइड संप्रेरकाची पातळी उंबरठा ओलांडत नाही. टायगर सॅलॅमँडरशी केलेल्या संकरातील पहिल्या पिढीचे रूपांतरण होते आणि तिचा ॲक्सोलॉटलशी पुन्हा संकर केल्यास पुढच्या पिढीत दोन्ही प्रकार निघतात. 1997 मध्ये व्हॉस आणि शेफर यांनी अशा संकरांवरून दाखवले की या फरकामागे मोठा प्रभाव असलेले एक जनुकीय स्थान आहे. स्लोव्हेनियाच्या पोस्तोयना परिसरातील चुनखडी गुहांत राहणारा ओल्म आणि उत्तर अमेरिकेतील मडपपी हे सॅलॅमँडरही आयुष्यभर कल्ले बाळगतात, पण त्यांना थायरॉइड संप्रेरक दिले तरी त्यांचे कल्ले गळत नाहीत. म्हणजे बाहेरून अगदी सारखे दिसणारे परिणाम यंत्रणेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील बदलांतून आलेले आहेत. घरी ॲक्सोलॉटल पाळणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहण्याचा विचारही करू नये. सक्तीच्या रूपांतरणात प्राणी दगावतात आणि वाचले तरी त्यांचे आयुष्य खुंटते.

येथेच आणखी एक चाळणी लावावी. काही सॅलॅमँडरांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या आग्नेय भागातील मोल सॅलॅमँडरमध्ये, एकाच डबक्यातील काही जण कल्ल्यांसह प्रजनन करतात आणि काही जण रूपांतरित होतात. डबके आटू लागले की रूपांतरित होणाऱ्यांचे प्रमाण वाढते. अशा ठिकाणी बालरूप हा त्या जातीचा कायमचा स्वभाव नसून परिस्थितीनुसार निवडला जाणारा पर्याय असतो, आणि तसे स्पष्ट लिहायला हवे. एका मत्स्यपेटीत किंवा एका डबक्यात पाहिलेल्या चार प्राण्यांवरून संपूर्ण जातीविषयी निर्णय देऊ नये.

स्वतः पाहण्याजोगे उदाहरण: पिठ्या ढेकूण

महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत, परंतु प्रौढपणी पिल्लासारखी राहणारी मादी पाहायला लांब जावे लागत नाही. सीताफळाच्या डोळ्यांच्या फटीत, कपाशीच्या शेंड्यावर किंवा दारातल्या जास्वंदीच्या कोवळ्या फांदीवर कापसासारखा पांढरा थर दिसला, की तो बहुधा पिठ्या ढेकणांचा असतो. शेतकरी ज्यांना पिल्ले आणि प्रौढ म्हणतात, त्यांतील मादीच्या पिल्लात आणि प्रौढ मादीत भिंगातून पाहिले तरी ठेवणीचा फारसा फरक सापडत नाही: तेच लंबगोल, मऊ, पिठुळ अंग, तेच आखूड पाय आणि पंखांचा मागमूस नाही. प्रौढ मादी मोठी असते आणि तिच्यामागे बऱ्याच जातींत अंड्यांची मेणचट पिशवी असते, एवढाच मुख्य भेद.

निरीक्षणासाठी कीड असलेली एक छोटी फांदी पाण्यात देठ बुडवून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी, तोंडाला मलमलचा तुकडा घट्ट बांधावा आणि दर दोन-तीन दिवसांनी दहापट भिंगातून पाहून लांबी, पाय, मिशा आणि पंखांचे अंकुर यांची नोंद ठेवावी. काही पिल्ले पुढे स्वतःभोवती पांढऱ्या धाग्यांचा लहानसा लांबट कोश करतात, ते नर. त्यांतून अत्यंत नाजूक, एकच पंखजोडी असलेले, शेपटीकडे मेणाचे दोन लांब तंतू असलेले चिलटासारखे कीटक बाहेर येतात, ज्यांना अन्न घेण्याजोगी मुखांगे नसतात आणि जे काही दिवसांतच मरतात. भाऊ आणि बहीण एकाच अंड्यांच्या पिशवीतून निघालेले, पण पहिल्याचे रूप आमूलाग्र बदलते आणि दुसरी पिल्लाच्याच ठेवणीत आई होते. नराच्या तुलनेत मादी एक कात कमी टाकून प्रौढ होते हेही टाकलेल्या काती मोजून पाहता येते, मात्र त्यासाठी हात स्थिर आणि डोळे तरुण हवेत. निरीक्षण संपल्यावर बरणीत साबणाचे पाणी ओतून सर्व कीड मारून टाकावी; फांदी उकिरड्यावर फेकली तर शेजाऱ्याच्या बागेत कीड पोचायला वेळ लागत नाही.

या उदाहरणात तुलना करण्यासाठी दुसरी जात शोधत बसावे लागत नाही, कारण नराचे पंख पूर्वजांच्या रूपाची साक्ष देतात आणि जवळच्या मावा, पांढरी माशी या गटांतही दोन्ही लिंगांत पंख असणारे प्रौढ आढळतात. तरीही पहिल्या पायरीवरचा नियम येथेही लागू होतो. पंख नसणे हे पिल्लाचे लक्षण खरे, पण जननेंद्रिये आणि अंड्यांची पिशवी विणण्याची क्षमता ही पूर्ण प्रौढाची लक्षणे आहेत. शिवाय कात कमी पडते याचा अर्थ हे उदाहरण निव्वळ निओटेनीपेक्षा प्रोजेनेसिसकडे झुकते, असे माझे मत आहे, जरी कीटकशास्त्राच्या पुस्तकांत अशा माद्यांना सरसकट निओटेनिक म्हटले जाते.

प्रसिद्ध दाव्यांवर कसोटी लावावी

कुत्र्यापासून सुरुवात करावी. लहान जातींच्या प्रौढ कुत्र्यांची कवटी मोठ्या कुत्र्यांच्या पिल्लांसारखी असते हे रॉबर्ट वेन यांनी 1986 मध्ये दाखवले होते आणि त्यातूनच ‘कुत्रा म्हणजे लांडग्याचे पिल्लू’ ही समजूत दृढ झाली. परंतु 2011 मध्ये ॲबी ड्रेक यांनी कवट्यांची त्रिमितीय मापे घेऊन तुलना केली, तेव्हा प्रौढ कुत्र्यांच्या कवट्या लांडग्याच्या पिल्लांच्या कवट्यांशी जुळल्या नाहीत. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांत मुस्कट वरच्या बाजूला वळलेले असते, आणि असे वळण लांडग्याच्या वाढीत कोणत्याही वयाला येत नाही. वर सांगितलेल्या आलेखात हे ठिपके तिसऱ्या जागी, म्हणजे नव्या रूपाच्या जागी पडतात. वागणुकीतील खेळकरपणाबाबत दावा करायचा असेल तर तो स्वतंत्र लक्षण म्हणून, स्वतंत्र मापांनी तपासावा.

रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये सुरू केलेल्या आणि ल्युदमिला त्रुत यांनी पुढे चालवलेल्या चंदेरी कोल्ह्यांच्या प्रयोगाचा दाखला अशा चर्चेत हमखास येतो. केवळ माणसाळलेपणावर निवड करूनही लोंबते कान आणि गोल वळलेल्या शेपट्या दिसू लागल्या, असे त्यात सांगितले जाते. त्यातील वाढीच्या नोंदी पाहिल्या तर चित्र मिश्र आहे. माणसाळलेल्या कोल्ह्यांच्या पिल्लांत अनोळखी गोष्टींची भीती उशिरा निर्माण होते, हे बालरूप लांबल्याचे लक्षण. पण त्यांचे डोळे इतर पिल्लांपेक्षा थोडे लवकर उघडतात, म्हणजे तेथे वाढीचा वेग वाढलेला आहे. शिवाय हे कोल्हे मुळात कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील फर-शेतांतून आलेल्या वंशाचे होते आणि काही बदल निवडीच्या आधीपासूनच त्यांच्यात होते, असा आक्षेप 2019 च्या अखेरीस नोंदवला गेला. हा प्रयोग मोलाचा आहे, परंतु लोंबत्या कानांना त्यातून निओटेनीचे प्रमाणपत्र मिळत नाही.

माणसाविषयीचा दावा लुइस बोल्क यांनी 1926 मध्ये मोठ्या आत्मविश्वासाने मांडला: सपाट चेहरा, कमी केस आणि मज्जारज्जू जाण्यासाठी कवटीच्या तळाशी मध्यभागी असलेले छिद्र ही वानरांच्या गर्भाची लक्षणे माणसात टिकली आहेत. यांतील शेवटचे लक्षण विचार करण्याजोगे आहे, कारण चिंपांझीत हे छिद्र वाढीबरोबर मागे सरकते आणि माणसात तुलनेने पुढेच राहते. परंतु दुसरा रकाना भरू लागले की यादी लांबत जाते. माणसाच्या बाळाचे पाय आखूड असतात आणि प्रौढाचे लांब. हनुवटी आणि पुढे आलेले नाक ही बाळाची लक्षणे नव्हेत. मेंदूबाबत अधिक नेमका पुरावा 2009 मध्ये आला. माणूस, चिंपांझी आणि ऱ्हीसस माकड यांच्या मेंदूच्या अग्रभागातील जनुकांच्या क्रियेची वयानुसार तुलना केल्यावर, काही जनुकांचे वेळापत्रक माणसात लांबलेले आढळले. काही जनुकांचे, सर्वांचे नव्हे.

माझ्या मते माणसातील सर्वांत स्वच्छ उदाहरण चेहऱ्यात नसून आतड्यात आहे. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) असते आणि अंगावर पिणे सुटल्यानंतर ते कमी होत जाते; जगातील बहुसंख्य माणसांतही तसेच घडते. युरोपात, आफ्रिकेतील आणि अरबस्तानातील काही पशुपालक समाजांत आणि भारताच्या वायव्य भागात मात्र अनेक प्रौढांत हे विकर टिकून राहते, कारण लॅक्टेजच्या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या शेजारच्या भागात बदल झालेला आहे. भारतात आणि युरोपात आढळणारा बदल एकच आहे आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाताना भारतातील त्याचे प्रमाण घटते. लक्षण नेमके, पूर्वस्थिती निश्चित, वयानुसार मोजमाप शक्य, जनुकीय कारण ज्ञात: व्यापक अर्थाने बालरूप टिकण्याच्या सर्व कसोट्यांवर हे उतरते. ज्यांच्यात हे विकर टिकत नाही, त्यांना पेलाभर दूध बाधते आणि वाटीभर दही सोसते, कारण विरजणातील जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच वापरलेला असतो.

निष्कर्ष लिहिताना

बालरूप टिकले हे सिद्ध होणे आणि ते कशासाठी टिकले हे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्या वेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात. कुजक्या लाकडावरील अळिंब्यांत राहणाऱ्या काही सेसिडोमाइड माश्यांच्या अळ्या प्रौढ न होताच पिल्ले निर्माण करतात, आणि ती पिल्ले आईला आतून खाऊन बाहेर पडतात. अन्न संपत आले की मात्र पंख असलेल्या माश्या तयार होतात. येथे अन्नाची विपुलता आणि झटपट प्रजनन यांचा संबंध प्रयोगाने दाखवता येतो, म्हणून ‘कशासाठी’ या प्रश्नाला उत्तर आहे. ॲक्सोलॉटलबाबत बारमाही पाण्याचे सरोवर आणि भोवतालची कोरडी जमीन हे कारण पटण्याजोगे आहे, पण तो तर्क आहे आणि तर्क म्हणूनच लिहावा.

निष्कर्षाच्या वाक्यात चार गोष्टी असाव्यात: लक्षण, तुलनेची जात, वाढीच्या मालिकेत दिसलेला बदल आणि त्याचा प्रकार. ‘ॲक्सोलॉटलच्या प्रौढात बाह्य कल्ले टिकतात, टायगर सॅलॅमँडरमध्ये ते रूपांतरणात गळतात, प्रजननक्षमतेच्या वेळी आकारमान घटलेले नाही, म्हणून या लक्षणापुरती ही निओटेनी’ हे वाक्य रुक्ष आहे, परंतु त्यातील प्रत्येक तुकडा दुसऱ्या कोणाला तपासता येतो. तुलनेच्या जातीची वाढीची मालिका मिळालीच नाही, तर तो रकाना कोराच ठेवावा आणि लक्षणापुढे ‘बालसदृश’ एवढाच शब्द लिहून थांबावे.